खवल्यांची सुईण

"सरा बाजूला, पोटुशी हाय."

हे ऐकलं की समोरचा माणूस आधी बाजूला व्हायचा आणि मग पोटुशी बाई कुठे दिसते का ते बघायचा. दिसायची ती एकटीच, साठीच्या पुढची, काटकुळी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेली. डोक्यावर म्हशाच्या जत्रेतून आणलेला निळा प्लास्टिकचा हंडा, हंड्याच्या तोंडावर ओलं फडकं, आणि चाल अशी की आतल्या पाण्याने हिंदकळू नये. त्या हंड्यात सात-आठ खवल्या असत. खवली म्हणजे आमच्या नदीतली वीतभर लांबीची रुपेरी मासळी, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असलेली. पोटुशा त्या होत्या.

मीही पहिल्यांदा असाच फसलो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शहापूर तालुक्यात, आटगाव स्टेशनापासून पायी दीड-दोन तासांवर एक लहानसं मातीचं धरण होतं आणि त्यावर मी हजेरी कारकून होतो. हजेरी घ्यायला मजूर असत तीनच, त्यामुळे बाकीची सगळी कामं माझ्याच गळ्यात. भिंतीच्या दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं होती आणि त्यांच्या चाव्या माझ्या कमरेला. पावसाळ्यात भिंतीवर कुणाला जाऊ द्यायचं नाही, असा वरून हुकूम होता. एका सकाळी मी चहाला फुंकर घालत असताना फाटकावरून हाक आली, की दार उघड, पोटुशी हाय, येळ भरलीय. मी कप तसाच टाकून अनवाणी धावलो. कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं. ती माझ्याकडे न बघता आत शिरली आणि भिंतीवरून पलीकडे चालू लागली. मागून कुणी डोली घेऊन येतंय का, म्हणून मी बराच वेळ पावसात उभा राहिलो. कुणी आलं नाही.

परतताना हंडा रिकामा होता. मी जाब विचारला. ती म्हणाली, मी काय खोटं बोलले, उद्या हात लावून बघ. दुसऱ्या दिवशी मी खरंच हंड्यात हात घातला. खवलीचं तट्ट फुगलेलं पोट अंगठ्याला लागलं आणि मी ओशाळून तिला सोडून दिली. कुणा परक्या बाईला धक्का लागावा तसं वाटलं.

सगळी बौद्धवाडी तिला बय म्हणायची. बय म्हणजे आई. वाडीच कशाला, आसपासच्या चार गावांतल्या शेतकऱ्यांची पोरंही तिला बयच म्हणत, कारण त्यातल्या बहुतेकांना या जगात पहिला हात लागला तो तिचाच. ती सुईण होती. चांगले मिशीवाले बाप्ये तिच्यापुढे दबून असत. कोण पायाकडून आला, कोण रडायलाच तयार नव्हता, कुणाला उलटं धरून चापट मारावी लागली, सगळं तिच्या ध्यानात होतं आणि चारचौघांत सांगायला ती मागेपुढे पाहत नसे. एकदा एक पुढारी माणूस ग्रामसभेत तिच्यावर आवाज चढवून बोलू लागला. बय शांतपणे म्हणाली, "तुजी नाळ कापली तवा जीभ तेवढी र्‍हायली. माजंच चुकलं." त्यानंतर सभा वेळेआधीच संपली.

तुम्हाला वाटेल, माशांचा एवढा कळवळा असलेली बाई मासे खात नसेल. छे. मासळीचं नाव काढलं की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्यातही गाभोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, हा तिचा जीव की प्राण. हळद, मीठ, मिरची लावून तव्यावर परतलेली गाभोळी आणि तांदळाची भाकरी, यापुढे तिला सणाचं जेवण फिकं होतं. वाडीत कुणीही गाभोळी केली की एक वाटी बयकडे जायचीच. ती गेली नाही तर बय स्वतः यायची.

आता वलगणीचं सांगायला हवं. मृगाचं पाणी नदीला आलं की मासळी प्रवाहाच्या उलट चढते, ओढ्यांत शिरते, भातखाचरांत शिरते आणि तिथे अंडी घालते. याला आमच्या मुरबाड-शहापूरकडे वलगण म्हणतात. वलगणीचे मासे धरायला अख्खं गाव टोपल्या घेऊन बाहेर पडतं. मी म्हशाकडचा, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं. नवीन होती ती भिंत. मी तिथे रुजू होण्याआधी चार वर्षं ती पुरी झाली होती. पहिल्या वर्षी मासळी नेहमीसारखी वर चढत आली आणि सांडव्याखाली येऊन अडली. पुढे वाट नाही. लोकांनी गोणी भरभरून मासे नेले, कुणाला पळावं लागलं नाही की वाकावं लागलं नाही. बयनेही दोन टोपल्या नेल्या. दुसऱ्या वर्षी गोणी भरली नाही. तिसऱ्या वर्षी टोपली भरली नाही. लोक म्हणाले, यंदा पाऊस वेळेवर नाही.

चौथ्या वर्षी बय टोपली घेऊन गेली आणि नुसतीच बघत उभी राहिली. थोड्याशा खवल्या आल्या होत्या. त्या काँक्रीटवर उडी मारत, आपटून खाली पडत, पुन्हा उडी मारत. हे तिने मला नंतर कितीदा तरी सांगितलं. "अडलेली बाई दाराशी आली तर दुश्मन पन दार उघडतो रे. आन आमी काय केलं, दार लावलं आन तिचं पोट फाडून खाल्लं." लोकांनी खाल्लं ते खाल्लं, जास्त मीच खाल्लं, असं ती म्हणायची. त्या दिवसापासून तिने गाभोळी सोडली. मासे नाही सोडले. बोंबील, जवळा, सुकट, सगळं चालू होतं. कुणी गाभोळीची वाटी पाठवली की मात्र झाकण न काढता परत करायची आणि दिवसभर चिडचिड करायची.

पुढच्याच वर्षापासून ती हंडा घेऊन येऊ लागली. तेव्हाच मी तिथे नवा होतो. सुरुवातीला ती खवल्या भिंतीपलीकडे नेऊन सरळ धरणाच्या पाण्यात सोडायची आणि हात झटकून घरी जायची. दहा-बारा दिवसांनी धरणातल्या मासेमारीच्या ठेकेदाराने जाळं ओढलं. त्याचे रोहू-कटले होते, त्यांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, तो पिशव्यांतून आणून सोडायचा. त्यांच्यात काही खवल्याही निघाल्या. बयने त्यांतली एक उचलली, पोट चाचपलं आणि माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसली. अंडी तशीच आत होती, नासलेली.

"उभ्या पान्यात कळ येत नाय रे," ती म्हणाली. "धावतं पानी लागतं. मला कळाया पायजे व्हतं."

तेव्हापासून तिची वाट लांबली. भिंत ओलांडायची, मग काठाकाठाने अर्धा तास चालायचं आणि धरणाच्या वरच्या टोकाला, जिथे ओढा दगडांवरून खळाळत येतो, तिथे हंडा रिता करायचा. वलगणीचे ते तीन-चार आठवडे ती रोज अशा दोन-तीन खेपा करायची. मी कुलूप काढायचो. हुकमाची आठवण मला होती, पण वरून कोण बघायला येतंय, असं मनाला समजावत होतो.

त्याच पावसाळ्यात माझी बायको धरणावर राहायला आली होती. तिला आठवा महिना लागला होता. बय सहज भेटायला आली, बायकोच्या पोटावर हात ठेवला आणि बोटांनी चाचपत राहिली. मग मला बाहेर बोलावून म्हणाली, हे माझ्या हातचं काम नाही, मूल आडवं आहे, शहापूरच्या दवाखान्यात ने. मी म्हटलं, उद्या सकाळी निघतो. "उद्या नाय. आता." तिने स्वतः जाऊन बैलगाडी जुंपवून आणली आणि सडकेपर्यंत बायकोला धरून बसली. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, की वेळेत आलात. आपल्या हाताची मर्यादा ओळखणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. माझी मुलगी आज नोकरीला आहे, आणि तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मला त्या बैलगाडीची आठवण होते. हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे मी जे केलं ते तुम्हाला त्याच्या खऱ्या मापात दिसावं.

पुढच्या वर्षी ऐन वलगणीत साहेब तपासणीला आले. भिंतीच्या मध्यावर बय, डोक्यावर हंडा. साहेबांनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, पाण्याचा नमुना नेतायत. साहेबांनी फडकं उचललं आणि म्हणाले, तुमच्या नमुन्याला शेपट्या आहेत. माणूस वाईट नव्हता. पण उद्या ही म्हातारी घसरून पडली तर उत्तर कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. आठ दिवसांत मेमो आला. मी नवा, नोकरी अजून पक्की व्हायची, घरात तान्हं मूल. मी दोन्ही फाटकांना कुलूप घातलं आणि बयला सांगितलं, आता नाही जमायचं.

ती भांडली नाही. डोंगराला वळसा घालून जंगलातून गेली. तो रस्ता अडीच-तीन तासांचा. एवढा वेळ हंड्यातल्या पाण्यात मासळी जगत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तीन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी आली आणि माझ्या पडवीत सागाचं पान अंथरून त्यावर मेलेल्या खवल्या ओळीने मांडल्या. सगळ्यांची पोटं भरलेली. मग रिकामा हंडा उचलून ती निघून गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. बायकोने दारातून पाहिलं, मुलीला कडेवर घेतलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधीच मी फाटक उघडून उभा होतो. शिवाय दुसरा हंडा डोक्यावर घेऊन तिच्यामागे चाललो. वर लिहून कळवलं, की सदर महिला माझ्या देखरेखीखाली व माझ्या जबाबदारीवर भिंत ओलांडते. त्यावर आणखी दोन मेमो आले. पुढे साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी विचारलंच नाही. बयने पडवीतल्या त्या खवल्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. तिच्या माझ्यावरच्या उपकारांत मी हाही धरतो.

एवढं करून फळ काही दिसेना. दोन वर्षं झाली, सांडव्याखाली येणारी मासळी कमीच होत होती. बयच्या कपाळावर आठी पडली. आणि मग एका सकाळी कातकरीवाडीतला एक म्हातारा, ज्याचा जन्म नदीतच गेला होता, आम्ही हंडे भरत असताना दगडावर बसून विडी ओढत होता. बय एकेक खवली उचलायची, पोट चाचपायची, भरलेली असली की हंड्यात, नसली की काठावरच्या लोकांच्या टोपलीत. म्हाताऱ्याने विडी संपेपर्यंत बघितलं.

"बय, बायका समद्या नेल्यास," तो म्हणाला. "दादले कवा नेनार?"

आम्हाला अर्थ लागेना. मग त्याने सांगितलं, की खवली आधी अंडी टाकते आणि नर मागाहून त्यावर दुधासारखं सोडतो. ते नसलं तर अंडी पांढरी पडून कुजतात. माणसासारखं आधीच सगळं उरकलेलं नसतं. ज्यांना आम्ही रोडके म्हणून टोपलीत टाकत होतो ते नर होते. दोन वर्षं आम्ही बायका नेऊन वर सोडत होतो आणि त्यांचे नवरे गावाच्या कालवणात जात होते.

बयने हंड्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. हसता हसता पाण्यातच बसली, लुगडं भिजलं तरी उठेना. "जलमभर बाप्यांना दाराभाईर काढलं मी," ती डोळे पुसत म्हणाली. "हातालाच सवय लागली." खरंच होतं ते. बाळंतपणाच्या खोलीतून पुरुषांना हाकलणं हे तिचं पहिलं काम असायचं, आणि तिच्या हाताने ते खवल्यांच्या बाबतीतही न सांगता केलं होतं.

त्या दिवसापासून हंड्यात दादले जाऊ लागले. पोटावर हलकं बोट फिरवलं की पांढरा थेंब येतो, तो नर. ही परीक्षा मला आजही येते, दुसरीकडे कुठे तिचा उपयोग नाही. भिंतीवरून जाताना बयची घोषणाही लांबली. पोटुशी हाय, संगं दादला हाय, असं ती जोरात म्हणायची आणि मजूर हसून बाजूला व्हायचे.

फार मोठं काही घडलं, असं मी सांगणार नाही. शिंगाळी, ती मिशांची मासळी, गेली ती गेलीच. लहानपणी पाहिलेली आणखी दोन-तीन जातींची मासळी पुन्हा दिसली नाही, आणि त्यांची नावंसुद्धा आता माझ्या पिढीबरोबर जातील. पण खवल्या टिकल्या. दोन-तीन वर्षांनी सांडव्याखाली दोन हंड्यांऐवजी चार-पाच हंडे भरू लागले. वाडीतल्या दोघी सुना न सांगता हंडे घेऊन यायला लागल्या. मी इतकी वर्षं पट्टीवर पाण्याची पातळी वाचत होतो, रोज वहीत लिहीत होतो, आणि त्या पाण्यात कुणी राहतं हे मला या बाईने शिकवलं. एरवी माझी नोकरी कोरडीच गेली असती.

दोन हजारनंतरच्या एका श्रावणात बय स्वतःच्या अंगणात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. खाटेवर पडून असायची. मी दर दोन दिवसांनी जायचो. आश्विन लागला तेव्हा एकदा ती म्हणाली, येवढ्या पोरांची तोंडं बघितली मी, ह्या खवल्यांच्या पोरांचं नाय बघितलं कधी. वर ओढ्यात पिल्लं दिसतात ती आश्विनात, आणि आश्विनात ती दरवर्षी भातकापणीला असायची. मला वाटलं, एवढं तर आपल्या हातात आहे.

मी लोणच्याची काचेची बरणी घेऊन निघालो. ओढ्यापर्यंत जायचा कंटाळा केला. भिंतीजवळच्या काठावर नखाएवढी रुपेरी पिल्लं होती, ती भरली आणि बयच्या पुढ्यात धरली. तिने बरणी खिडकीकडे वळवली, नीट पाहिलं.

"ठिपका कुठाय?" ती म्हणाली. "पिशवीतली हायत ही."

ठेकेदाराच्या बीजातली होती ती. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून तिने खोटं समाधान दाखवलं नाही, माझ्यासाठीही नाही. मी बरणी घेऊन निमूट परत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. काठाने गेलो, ओढ्यात शिरलो आणि आमचे हंडे रिते व्हायचे त्याच्याही वर, दगडांमधल्या उथळ पाण्यात फडकं धरून दुपारपर्यंत बसलो. नऊ मिळाली. शेपटीच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. बरणी छातीशी धरून, तोंडावर ओलं फडकं टाकून बयकडे आलो. सुनेने तिला उशीला टेकवून बसवलं. तिने बरणी दोन्ही हातांत घेतली. मी खालून आधार दिला. किती वेळ बघत होती कोण जाणे. ओठ हलत होते, मोजत असावी.

"आपली हायत," ती म्हणाली. मग काचेला तळवा लावला आणि एकदम माझ्याकडे वळली. "किती येळ धरलीस? पानी गरम झालं. जा आधी, सोडून ये."

सुनेने चहा ठेवला होता. मी म्हटलं, चहा घेऊन निघतो. "च्या मंग पी," ती म्हणाली आणि बरणी माझ्या हातात दिली. मी दारात वळून पाहिलं तर ती माझ्याकडे नाही, बरणीकडेच बघत होती.

त्यानंतर मी तिला जिवंत पाहिलं नाही. मी ओढ्यावर पोहोचलो त्याच सुमाराला, ऊन उतरताना, ती गेली. लोक अजून मला म्हणतात, चहाला थांबला असतास तर शेवटच्या क्षणी जवळ असतास. मला त्याची हळहळ नाही. मी तिच्याच कामावर होतो, आणि तिने ते काम मला सांगितलं याबद्दल मी तिचा जन्मभराचा ऋणी आहे.

ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून मी बरणी आडवी केली. आठ पिल्लं लगेच बाहेर पडली आणि दगडाआड गेली. नववं बाहेर आलं, वाहत्या पाण्यात क्षणभर मागे ढकललं गेलं, मग तोंड वरच्या अंगाला करून एका जागी पोहत राहिलं. ते पुढे सरकेपर्यंत मी हललो नाही.